डाएट की उपासमार?

यंदाच्या संक्रांतीच्या हळदी-कुंकवाची गोष्ट. आमच्याच गल्लीतलं घर, ओळखीच्याच बारा-तेरा जणी. वाण लुटून झालं, तिळगूळ झाला आणि यजमानीणबाईंनी गरमागरम बटाटेवड्यांच्या डिश आणल्या. ‘मला नको बाई, माझं डाएट चालू आहे,’ पहिली म्हणाली. ‘माझंही!’ दुसरी. ‘मी सातनंतर काहीच खात नाही.’ ‘मी साखर सोडलीय, फक्त गूळ.’ ‘मी तर सहा महिने झाले भात बंद केलाय, पण काटा हलेल तर शपथ!’ बघता बघता निम्म्या डिश तशाच टेबलावर राहिल्या. आणि गंमत बघा, पाऊण तासाने गप्पा रंगल्यावर त्यातलेच गार झालेले वडे एकेक करत कधी संपले ते कुणाला कळलंही नाही. माझ्यासकट!

एक मात्र होती, जिने खरोखरच काही खाल्लं नाही. पस्तिशीची, दोन मुलांची आई. तिच्याभोवतीच सगळ्या जमल्या होत्या. ‘किती बारीक झालीस गं! काय केलंस सांग ना!’ दोन महिन्यांत आठ किलो वजन उतरवलं होतं तिने. ती हसत होती, लाजत होती. नंतर आत कप विसळायला आम्ही दोघीच होतो, तेव्हा तिने एकदम ओट्याची कड घट्ट धरली. डोळ्यांपुढे अंधारी आली होती. ‘ताई, कुणाला बोलू नका हं. या पंधरवड्यात दुसऱ्यांदा झालं.’ मग हळूहळू बाकीचंही बाहेर आलं. कंगव्यात केसांचा पुंजका येतो. दोन महिने पाळी आलेली नाही. ‘अगं, पण तू दिवसभर खातेस तरी काय?’ तर सकाळी लिंबू-मध घातलेलं गरम पाणी, अकराला बिनसाखरेचा कोरा चहा, दुपारी एक पोळी आणि भाजी, रात्री काकडी. रक्त तपासलं होतं, हिमोग्लोबिन ८.४ आलं. रिपोर्ट कपाटात साड्यांखाली ठेवलाय. घरी सांगितलं तर सगळे म्हणतील, सोड ते बारीक होण्याचं खूळ.

तिला विचारूनच हे लिहिते आहे, नाव न घालता. कारण मैत्रिणींनो, त्या दिवाणखान्यात बसलेल्या प्रत्येकीला तिच्यासारखं व्हायचं होतं, आणि ती तर आजारी होती.

आपल्याकडे ‘डाएट’ या शब्दाचा अर्थच बदलून गेलाय. डाएट म्हणजे खरं तर आहार. आपण मात्र ‘डाएट करते’ म्हणजे ‘खात नाही’ असं धरून चाललोय. आणि न खाण्याची सवय बायकांना नव्याने लावावी लागते का? ती तर आईच्या घरापासून अंगवळणी पडलेली असते. सगळ्यांचं झाल्यावर जेवायचं, भाजी कमी पडली तर लोणच्याशी भागवायचं, उपास तर बारा महिने आहेतच. या सवयीवर आता फॅशनेबल नावाचा एक नवा उपास येऊन बसलाय, इतकंच.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी म्हणून सरकारची एक मोठी पाहणी असते. तिची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. त्यात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांचे आकडे आहेत. शंभरातल्या २३ जणींचं वजन जास्त. जवळपास २१ जणींचं वजन हवं त्यापेक्षा कमी. आणि रक्त कमी असलेल्या किती? शंभरात ५४! म्हणजे निम्म्याहून जास्त. आता वजन जास्त असलेल्या सगळ्याच काही उरलेल्या ४६ जणींमध्ये नसणार. अंगाने भरलेली बाई म्हणजे खाऊनपिऊन सुखी, तिला कसला अशक्तपणा, ही समजूत पहिल्यांदा डोक्यातून काढून टाकायला हवी. अंगावर चरबी आणि रक्तात लोह नाही, अशी बाई आपल्या घराघरात आहे. तिने जेवण तोडलं की चरबी जाता जाईल, पण रक्त आधी जाईल.

‘पाच दिवसांत पाच किलो’ अशा जाहिराती आपण वाचतो ना, त्यांचा हिशेब एकदा कागदावर मांडून बघू. आपण किराण्याचा मांडतो तसाच. एक किलो चरबी म्हणजे साधारण सात हजारांहून जास्त कॅलरी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने बैठं काम करणाऱ्या ५५ किलोच्या बाईला दिवसाला १६६० कॅलरी लागतात. समजा, तिने पाच दिवस अन्नाचा कणसुद्धा घेतला नाही, तरी शरीर फार तर आठ-साडेआठ हजार कॅलरी साठ्यातून काढेल. म्हणजे चरबी गेली तर जेमतेम सव्वा किलो. मग उरलेले पावणेचार किलो कुठून गेले? शरीरात साठवलेल्या साखरेसोबत बरंच पाणी धरून ठेवलेलं असतं. जेवण तोडलं की आधी तो साठा आणि त्याबरोबरचं पाणी जातं. मग स्नायू झिजतात. काटा खाली येतो, आपण खूश! नीट जेवायला लागलं की पाणी आठवड्यात परत येतं.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वी आमच्या ऑफिसात एका सात दिवसांच्या डाएटची झेरॉक्स फिरत होती. एक दिवस नुसती फळं, एक दिवस नुसत्या भाज्या, एक दिवस केळी-दूध आणि रोज कोबीचं सूप. मीही केलं. सातव्या दिवशी तीन किलो कमी! कोबीच्या वासाने सासूबाईंनी नाकाला पदर लावला होता, तरी मी हवेत होते. पुढच्या पंधरा दिवसांत साडेतीन किलो परत आले. वरचा अर्धा किलो व्याज!

हे व्याजच महाग पडतं. स्नायू हा आपल्या शरीरातला कमावता माणूस. बसल्या जागीसुद्धा तो कॅलरी खर्च करत असतो. उपाशी राहून तो झिजवला आणि मग पूर्वीसारखं खायला लागलं, की परत येते ती मुख्यतः चरबी. म्हणून प्रत्येक ‘क्रॅश डाएट’नंतर वजन उतरवणं आधीपेक्षा अवघड होतं. ‘मला पाणीसुद्धा अंगी लागतं’ असं म्हणणाऱ्या किती तरी जणींचा इतिहास विचारला, तर त्यात अशी चार-पाच डाएट निघतात. झपाट्याने वजन उतरवलं की दोन-तीन महिन्यांनी केस गळायला लागतात, पाळी पुढे जाते, पित्ताशयात खडे व्हायचा धोका वाढतो. आठवड्याला अर्धा किलो, हा पोषण संस्थेने सांगितलेला सुरक्षित वेग. म्हणजे महिन्याला दोन किलो. जाहिरातीत घालायला हा आकडा फारच किरकोळ, म्हणून तो कुणी घालत नाही.

आता आपल्या लाडक्या समजुती. सकाळचं लिंबू-मध-पाणी: पाणी प्यायलात, चांगलं झालं. पण त्याने चरबी वितळत नाही. तूप गरम पाण्याने भांड्यावरून निघतं, पोटावरून नाही! उलट मधाच्या कॅलरी पोटात गेल्या. जिऱ्याचं पाणी, ग्रीन टी यांचंही तेच. आवडत असेल तर प्या, पण जेवणाच्या बदल्यात नको. गुळाचा चहा: साखर आणि गूळ यांच्या कॅलरीत फरक जवळपास नाहीच. गुळात लोह असतं हे खरं, पण चहातल्या चमचाभर गुळातून ते मिळून मिळून किती मिळणार? ब्राऊन ब्रेडचा रंग कित्येकदा नुसता रंगच असतो, पाकिटामागची यादी वाचून बघा. तेलाच्या पिशवीवर ‘कोलेस्टेरॉल नाही’ असं ठळक छापलेलं असतं. अहो, वनस्पतीच्या कुठल्याच तेलात ते कधीच नसतं. आणि तेल कुठलंही घ्या, सूर्यफूल, शेंगदाणा, करडई नाहीतर ‘लाईट’, एका ग्रॅमला ९ कॅलरी ठरलेल्या.

भाताबद्दल मात्र थोडं जास्त बोलायला हवं, कारण भातावर फार अन्याय झालाय. ‘भात सोडला’ हे वाक्य आपल्याकडे ‘दारू सोडली’ अशा थाटात म्हणतात. तांदूळ, गहू, ज्वारी, बाजरी, कुठलंही धान्य शंभर ग्रॅम घेतलं तर कॅलरी साडेतीनशेच्या आसपासच. फरक आहे तो किती खातो यात. पोळी मोजून खाता येते, भाताचा ढीग मोजता येत नाही. वाटीने वाढून घ्या, प्रश्न मिटला. भाकरीचं उलटं. ज्वारीत चोथा जास्त, पोट जास्त वेळ भरलेलं राहतं, हे चांगलंच. पण ‘भाकरीने वजन वाढत नाही’ म्हणून दोन पोळ्यांच्या जागी दोन भाकऱ्या खाल्ल्या, तर पीठ दुप्पट पोटात गेलं. एका पोळीला पंचवीस-तीस ग्रॅम पीठ लागतं, आपल्याकडच्या एका भाकरीला साठ-सत्तर सहज. शिवाय भात सोडणाऱ्या बाईचा भाताबरोबर आणखी एक पदार्थ सुटतो, तो कुणाच्या लक्षात येत नाही. वरण! पोळीशी वरण कोण खातं? भात बंद झाला की डाळही बंद होते. हा खरा तोटा.

आणि उपास. हा विषय नाजूक आहे, मला ठाऊक आहे. ज्यांना देवासाठी करायचा त्यांनी जरूर करावा. पण वजनासाठी करत असाल तर ताट बघा. साबुदाणा म्हणजे कंदाचा, म्हणजे टॅपिओकाचा, निव्वळ स्टार्च. प्रथिनं त्यात जवळजवळ नाहीतच. वर बटाटा, दाण्याचं कूट, तूप. खिचडीची एक भरलेली प्लेट साडेचारशे-पाचशे कॅलरींची सहज होते. दोन पोळ्या, भाजी, वाटीभर वरण असं साधं जेवण चारशेच्या आसपास असतं. म्हणजे ज्या दिवशी ‘आज काही खाल्लं नाही’ त्याच दिवशी जास्त खाल्लं! वर संध्याकाळी वेफर्स, खजूर, दोन कप जास्तीचा चहा. उपास करायचाच तर राजगिरा जवळ करा. त्यात प्रथिनं आहेत, लोह आहे, कॅल्शियम आहे. राजगिऱ्याची भाकरी, दही, भोपळ्याची भाजी, मूठभर दाणे. देवही काही म्हणणार नाही आणि डॉक्टरही नाही.

एवढ्यात कुणीतरी विचारेलच, ‘मग दीक्षित बरोबर की दिवेकर?’ २०१८च्या सुमारास या प्रश्नाने आपल्याकडे घरोघरी दोन पक्ष पडले होते. नवरा एकाचा, बायको दुसरीची! डॉ. श्रीकांत जिचकर यांनी मांडलेला विचार डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी गावोगाव नेला: दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत. ऋजुता दिवेकर सांगतात, थोड्या थोड्या वेळाने खा, घरचं खा, भात-तूप सोडू नका. मला विचाराल तर दोघांचंही ऐकणाऱ्या बायकांनी अर्धंच ऐकलंय. दीक्षित सुरुवातीला रक्ताच्या तपासण्या करायला सांगतात, रोज ४५ मिनिटं चालायला सांगतात. आपण तेवढं सोडून ‘दोनदाच जेवायचं’ एवढंच उचललं. दिवेकरांच्या ‘दर दोन तासांनी’मधलं ‘थोडं’ गाळलं आणि खाणं ठेवलं. कुठलीही पद्धत घ्या, मधुमेहाची औषधं चालू असतील, दिवस गेले असतील, बाळ अंगावर पीत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा मोडू नका. आणि दोनदाच जेवायचं असेल तर त्या दोन जेवणांत दिवसभराचं सगळं पोषण आलं पाहिजे. एक पोळी आणि काकडी म्हणजे दोन जेवणं नव्हेत.

खरी गोम आपल्या जेवणाच्या ताटात नाहीच, ताटाच्या आजूबाजूला आहे. सकाळी सहाला उठलेली बाई डबे, शाळा, पाणी, देवपूजा करत अकरापर्यंत फक्त चहावर असते. दोन चमचे साखरेचे पाच कप म्हणजे पन्नास ग्रॅम साखर, दोनशे कॅलरी. दिवसाला साखर पंचवीस ग्रॅमच्या आत ठेवा, असं २०२४च्या आहार मार्गदर्शक तत्त्वांत आहे. चहासोबत बिस्किट नाहीतर खारी. मग दोन वाजता भुकेने कडकडून बसायचं तेव्हा समोर काय असतं? गार भात, तळाला गेलेलं पातळ वरण, मुलाने टाकलेली अर्धी पोळी. ‘वाया कशाला घालवायचं!’ आपलं पोट म्हणजे घरातला सर्वात सोयीचा डबा झालाय, उरलंसुरलं त्यात टाकायचं. वजन वाढतं ते यात. आणि एवढं खाऊनही रक्त भरत नाही, तेही यातच.

म्हणून कमी काय करायचं याआधी जास्त काय खायचं ते बघू. पोषण संस्थेच्या हिशेबाने ५५ किलोच्या बाईला रोज सुमारे ४६ ग्रॅम प्रथिनं हवीत. आपल्या नेहमीच्या ताटात किती असतात? तीन पोळ्यांत नऊ, भातात दोन-अडीच, पातळ वरणाच्या वाटीत चार, भाजीत दोन, दिवसभराच्या चहातल्या दुधात तीन. वीस-बावीस, फार तर पंचवीस झाले. अर्धं ताट रिकामं! त्यात वाटीभर घट्ट मटकीची किंवा हुलग्याची उसळ घाला, सात. वाटीभर दही, पाच. मूठभर भाजलेले दाणे, सात. ज्यांना चालतं त्यांनी एक अंडं, सहा. झाले की! यात काहीही शहरातून आणायचं नाही, पावडरचा डबा तर मुळीच नको. प्रथिनांनी पोट टिकतं, चार वाजता डब्यांकडे हात जात नाही आणि वजन उतरतं तेव्हा स्नायू शाबूत राहतात. हे सगळं वाढवलं की पोळी तिसऱ्याऐवजी दुसऱ्यावर आपोआप थांबते, करून बघा.

पालेभाजीवर लिंबू पिळा, तिच्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. आणि जेवणाच्या आधी-नंतर तासभर चहा नको, तो लोह अडवतो. जेवून उठल्या उठल्या चहाचं आधण ठेवणाऱ्या घरांत हे सांगणं म्हणजे भांडण ओढवून घेणं, पण सांगते.

तेलाचा हिशेब सर्वात सोपा आहे आणि तो एकटीने करायचा नाही. एक लिटरच्या पिशवीत साधारण ९१० ग्रॅम तेल असतं. महिन्याला माणशी एक पिशवी म्हणजे दिवसाला तीस ग्रॅम. बैठं काम करणाऱ्यांना तूप, लोणी धरून वीस ते तीस ग्रॅम पुरे. मग सांगा, चार माणसांच्या घरात तुम्ही किती पिशव्या आणता? पाच? सहा? पाहुणे, सणवार धरूनही चारच्या वर जायचं कारण नाही. बाईने स्वतःसाठी वेगळी उकडलेली भाजी करायची आणि बाकीच्यांना तर्रीदार रस्सा, हे आठ दिवससुद्धा चालत नाही. भाजी सगळ्यांचीच बदलते तेव्हा तिचं वजन उतरतं, आणि जमलं तर नवऱ्याचा रक्तदाबसुद्धा.

‘घरकाम करते तोच व्यायाम’, हे आणखी एक. मला या वाक्याचा राग येत नाही, कारण दमणं खरं असतं. पण जातं, पाटा-वरवंटा, विहिरीचं पाणी गेलं. मिक्सर, गॅस, नळ आला. बरंच झालं, कुणाला परत हवंय ते? फक्त अंगाची हालचाल त्याबरोबर गेली. दिवसभर उभं राहून पाय सुजतात, पण धाप लागेल असं काही होत नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं जोमाचं चालणं आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम सांगते. ताकदीचे म्हणजे जिमच पाहिजे असं नाही. खुर्चीवरून हात न टेकता वीस वेळा उठणं-बसणं, भिंतीला टेकून जोर, दोन पाण्याच्या बाटल्या घेऊन हात वर-खाली. पोटाचेच व्यायाम करून पोटच तेवढं कमी होत नाही. घाम आणणारा पट्टा बांधला तर घामच जातो.

चालणं म्हणायला सोपं. आपल्या गावात बाईने नुसतं चालायचं कुठे? देवळात जाते, बाजारात जाते, त्याला कुणी काही म्हणत नाही. पायात बूट घालून हात हलवत निघाली की पारावरचे टोमणे सुरू. ‘वहिनी निघाल्या स्लिम व्हायला!’ नगरपालिकेच्या मैदानावर दिवे नाहीत, रस्त्यावर कुत्री. म्हणून आमच्याकडच्या पाच जणींनी युक्ती काढली. पहाटे साडेपाचला एकमेकींना फोनची एक रिंग आणि एकत्रच बाहेर. एकटीला हसतात, पाच जणींना रस्ता देतात. मैदानाच्या दिव्यांसाठी अर्जही दिलाय. दिवे अजून लागलेले नाहीत.

थायरॉईडबद्दल एकच सांगते. थायरॉईड कमी असेल तर वजन वाढतं, पण सहसा तीन-चार किलो, आणि तेही बरंचसं पाण्याचं. पंधरा किलोचं खापर त्याच्यावर फोडता येत नाही. आणि थायरॉईड नसताना बारीक होण्यासाठी मैत्रिणीच्या गोळ्या घेणं म्हणजे हृदयाशी खेळ. तसंच नव्या इंजेक्शनांचं. २०२५ मध्ये मौन्जारो आणि वेगोव्ही भारतात आली, चर्चा आपल्या गल्लीपर्यंत पोचलीय. ज्यांचं वजन खरोखर आजाराच्या पातळीला गेलंय, त्यांच्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखालची ती औषधं आहेत. भाच्याच्या लग्नात शालू नीट दिसावा म्हणून घ्यायची नाहीत.

मुळात आपलं वजन जास्त आहे का, हे ठरवतं कोण? आरसा? नणंद? काटासुद्धा अर्धंच सांगतो. शिवणाची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मापा. भारतीय बायकांसाठी ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, ही मर्यादा. त्यावर गेलं तर साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. वजनाचं म्हणाल तर पाच फूट उंचीच्या बाईला ४३ ते ५३ किलो ठीक. पासष्ट असेल तर एकदम ५० गाठायचं नाही. तीन-चार किलो उतरले तरी साखर, रक्तदाब यांत फरक पडायला लागतो, मग गुडघेही कमी कुरकुरतात.

पण वीस वर्षांची ४८ किलोची मुलगी कांद्यापोह्यांच्या आधी महिनाभर रात्रीचं जेवण सोडते, तेव्हा तिला टेप कोण देणार? तिला कुणीतरी म्हटलेलं असतं, ‘थोडी अंगाने कमी झालीस तर बरं.’ ते कुणीतरी बहुतेक वेळा आपल्यापैकीच असतं. त्या संक्रांतीला ‘किती बारीक झालीस गं’ म्हणणाऱ्यांत मीही होते. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं मला ओट्यापाशी गेल्यावर दिसली.

तिला दुसऱ्या दिवशी मीच दवाखान्यात घेऊन गेले. रिपोर्ट साड्यांखालून निघाला. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, कोरा चहा बंद केला, दोन वेळचं पूर्ण जेवण लिहून दिलं, अगदी औषधासारखं चिठ्ठीवर. ती चिठ्ठी तिने घरी दाखवली. सासूबाईंनी वाचली आणि काही बोलल्या नाहीत. पण संध्याकाळी उसळीची पहिली वाटी हिच्या ताटात पडली.

परवा ती आली होती. हिमोग्लोबिन साडेदहावर आलंय, चक्कर नाही, पाळी वेळेवर. वजन दीड किलो वाढलंय म्हणून जराशी हिरमुसली होती. मी दुपारी हुलग्याची उसळ केली होती. पुरुषमंडळी यायची होती, तरी आम्ही दोघी बसलो. पहिला घास घेऊन ती म्हणाली, ‘ताई, मीठ कमी झालंय.’ आणि वाटी पुढे केली.